सासूसमोर विचारलेला प्रश्न

दाजी, तुमचा फॉर्म माझ्याकडेच आला. दुसऱ्या कोणाकडे येणार होता म्हणा. आपल्या केंद्राच्या हद्दीत तापाने माणूस गेला की त्याच्या घरी जायचं, घरच्यांना विचारून चार पानी कागद भरायचा आणि खाली सही करायची, हे काम एवढी वर्षं तुम्ही केलंत आणि तुमच्या मागून मी. आता पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहायचं होतं. मी आधी वय लिहिलं, मग गाव, मग व्यवसायाच्या रकान्यात 'आरोग्य सेवक'. नावाची ओळ तशीच ठेवली, कागद पिशवीत टाकला आणि तुमच्या घरची वाट धरली.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. अजून माणसं केंद्राच्या पडवीत येऊन विचारतात, "दाजी खंय?" काहींना खरंच माहीत नसतं, काहींच्या तोंडात सवयीने येतं. मी "दाजी नाय आसत" म्हणते. आचऱ्याच्या बाजूची एक म्हातारी त्यावर म्हणाली, "मगे सोमवारी येतंय," आणि काठी टेकत निघून गेली. मी तिला परत बोलावलं नाही.

तुमच्यावर माझा राग आहे. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. दर वर्षी चतुर्थीच्या आधी तुम्ही वाडीवाडीत फिरून सांगायचात, "ताप इलो तर गणपती पोचवची वाट बघू नकात. देव रागावणा नाय." लोक हसायचे, पण ऐकायचे. आणि यंदा दुसऱ्याच दिवशी आरतीच्या वेळी तुम्हाला ताप भरला, तेव्हा वहिनींना तुम्ही काय म्हणालात? "गणपती पोचवतंय आणि मगे बघतंय." मुंबईहून थोरले भाऊ, पुतणे, सुना, सगळा गोतावळा आलेला. घरात मूर्ती असताना यजमानाने अंथरूण धरायचं, हे तुम्हाला बरं दिसेना. तापाची गोळी घ्यायची, घाम आला की आंघोळ करून पुन्हा सोवळं नेसायचं, असे पाच दिवस काढलेत. पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा भजनाला बसून पाय आखडले असं घरात ठरलं. तुम्हीही ते ठरू दिलंत. लेप्टो म्हणजे काय, उंदराच्या मुताचं पाणी शेतात पायाच्या चिरेतून अंगात कसं शिरतं, हे ज्याने अख्ख्या तालुक्याला सांगितलं, त्या माणसाने.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी निरोप धाडला म्हणून मी आले. तुमचे डोळे लाल झाले होते आणि त्यांच्या कडेला पिवळेपणा होता. "माझी पोटरी दाब गो," म्हणालात. मी दाबली आणि तुम्ही ओरडलात. मग आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटतं तुम्हाला माझ्या दोन दिवस आधी कळलं होतं. पुढचं सगळं धावपळीत झालं. लघवी बंद झाली, जिल्ह्याच्या ठिकाणाहून कोल्हापूरला न्यायचं ठरलं, आणि तळेऱ्याच्या पुढे, घाट लागायच्या आधीच तुम्ही गेलात. गाडीत तुमचा हात माझ्या हातात होता. तो कधी सैल झाला ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि फॉर्मवर वेळ लिहावी लागते.

मी या नोकरीत नवीन आले तेव्हा मला वाटायचं, साथ शोधणं म्हणजे नमुने गोळा करणं. बाटल्या, चिठ्ठ्या, बर्फाचा डबा. तुम्ही मला बोलणं शिकवलंत. कोणाच्याही घरी गेलं की पाणी नको म्हणायचं आणि कोरी चाय मागायची, कारण ती उकळलेली असते आणि उकळेपर्यंत माणूस बोलता होतो. "काय खाल्लंस?" असं विचारायचं नाही. "काल उठलंस थयपासून सांग" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणि पहिल्यांदा जायचं ते जे धडधाकट आहेत त्यांच्याकडे. "दुखणेकऱ्यान काय खाल्ल्यान ता सगळो गाव सांगता. जो बरो आसा, तेणी काय खाल्ल्यान नाय, ता इचार." मला हे उलटं वाटायचं. पुढे कळलं की सगळी मेख तिथेच असते.

आपल्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन असतात. होय, नाही, माहीत नाही. तिसऱ्या चौकोनाचा तुम्हाला भारी तिटकारा. "ह्यो रकानो आळश्यांसाठी केलोहा," म्हणायचात. माझ्या कागदावर तिथे खूण दिसली की तुम्ही काही न बोलता कागद माझ्यापुढे सरकवायचात, आणि मला उन्हातून परत त्या घरी जावं लागायचं. चपला झिजवल्यात तुम्ही माझ्या. मी मनात चिक्कार शिव्या दिल्या आहेत तुम्हाला, त्यांतल्या काही तुम्हाला ऐकूही आल्या असतील.

लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्या वाटायचा तुमचा थाट तर वेगळाच होता. लावणीच्या दिवसांत शेताच्या मेरेवर उभे राहून हाक मारायची, माणसं चिखलातून वर आली की खिशातून पाकीट काढायचं, एक गोळी सगळ्यांना दिसेल अशी बोटांत धरायची आणि तोंडात टाकायची. वर तांब्यातलं पाणी. "बघा, मी घेतलंय. आता तुमी घेवा." आठवड्याला एक गोळी, सगळा पावसाळा. लोकांनी घेतली ती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, दाजींनी आमच्यादेखत घेतली म्हणून. तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम पिवळा डाग असायचा. मी चिडवायचे, "घरात हळद आसा काय कोणाची?" तुम्ही हसून खिशावर हात ठेवायचात.

आता ती गोष्ट. ती आपण दोघांनी कधी पुरती बोलून काढली नाही.

आठ वर्षं झाली असतील. त्या गावाचं नाव तुम्ही नंतर कधी घेतलं नाहीत, मीही घेत नाही. देवळात समाराधना झाली. भात, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी आणि खीर. खीर केली होती शेवंतीने. तिच्या हाताला चव होती, लग्नाकार्यांची जेवणं तिच्याकडे असायची आणि घर त्यावर चालायचं. दुसऱ्या दिवशी देवळाजवळची वाडी जुलाबांनी आडवी झाली. तुम्ही आणि मी घरं वाटून घेतली. तुम्ही जाताजाता देवळाच्या बावीत, वाडीच्या पिण्याच्या विहिरीत, डोकावलात. तिथून हाकेच्या अंतरावर नव्या संडासाचा खड्डा होता. तुम्ही परत येऊन म्हणालात, "ही बाव आधी बंद करूक व्हयी." तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, आधी कोणी काय खाल्लं त्याची यादी होऊ दे, यादी काय सांगते बघू.

वाडीची यादी माझ्याकडे होती. एका घरात एक नवी सून पडवीत आडवी पडलेली, जुलाबांनी गळून गेलेली. तिची सासू दारात उभी. मी विचारलं, "देवळात जेवलंस? खीर खाल्लंस?" तिने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "खाल्लंय." मी 'होय'वर खूण केली. तशा आणखी दोन घरांत दोन बायका. एकीच्या उत्तराआधी तिचा घोवच म्हणाला, "देवाचो परसाद कोण खाणा नाय?" मी खूण केली. मला घाई होती. ऊन होतं, माझी स्वतःची मुलगी घरी तापलेली होती. कारणं आहेत आणि ती खरी आहेत, पण ती कारणंच आहेत.

यादी पुरी झाली तर जेवढे आजारी तेवढ्या सगळ्यांनी खीर खाल्लेली. डॉक्टर शेवंतीकडे गेले तर तिच्या बोटाला चिंधी बांधलेली, नारळ खवताना कापलेलं. झालं. बोट सापडलं, खीर सापडली, साथ सुटली. अहवाल गेला. तुम्ही तेवढा हट्ट करून बावीत एकदा पावडर टाकलीत, पण खड्डा पाझरतच होता आणि बाव चालूच राहिली. यादी केली त्या दिवशी परत येताना तुम्ही मला विचारलंत, "सासूसमोर इचारलंस?"

मी म्हटलं, "होय. का?"

"मगे ता उत्तर सासूचा."

मी चिडले. म्हटलं, मला शिकवू नका, बाई असून मला बायकांशी बोलायचं कळत नाही का. तुम्ही म्हणालात, "परत जा. माका त्ये सांगूच्ये नायत, तुका सांगतीत." मी गेले नाही. दाजी, मी खरंच गेले नाही. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, तिसऱ्या दिवशी सभा. तुम्ही दोनदा आठवण केलीत आणि मी दोन्ही वेळा "बघते" म्हटलं.

आठव्या दिवशी वाडीच्या शेवटच्या घरातली चार वर्षांची मुलगी तिच्या बापाने केंद्रात आणली. डोळे खोल गेलेले, चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहत होती. शीर सापडेना. तुम्ही तिचे पाय चोळत होतात आणि मी सुई घेऊन तिच्या हातावर, मग पायावर, मग कपाळावर शोधत होते. ती माझ्या हाताखाली गेली. तिच्या बापाने तिला उचलून खांद्यावर टाकलं, झोपलेल्या पोराला टाकतात तसं.

त्याच दुपारी मी त्या तीन बायकांकडे गेले. नवी सून व्हाळावर धुणं धूत होती, एकटी. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी भायर बसलेलंय. माका परसाद कोण देतलो?" बाकीच्या दोघींचंही तेच. पाळी आलेली, म्हणून देवळात गेल्याच नव्हत्या, खिरीचा थेंब तोंडात नाही. पाणी मात्र त्याच बावीचं प्यायल्या होत्या. सुनेने प्रसाद खाल्ला नाही आणि आजारी पडली, म्हणजे देवाचा कोप झाला, असं गाव म्हणेल, म्हणून सासूने तिला डोळ्यांनी गप्प केलं होतं. त्या तीन खुणा पहिल्या दिवशी 'नाही'वर पडल्या असत्या तर खिरीचं नाव निघालं नसतं आणि बाव त्या संध्याकाळी बंद झाली असती. ती आठव्या दिवशी झाली.

दुसरा अहवाल तुम्ही लिहिलात. त्यात वाक्य होतं, 'माहिती देणाऱ्यांनी प्रथम चुकीची माहिती दिली.' कोणी विचारलं, कोणासमोर विचारलं, परत जा म्हटल्यावर कोण गेलं नाही, यातलं एक अक्षर नाही. मी ते वाक्य वाचलं, तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही कागद घडी करून पाकिटात घातलात. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, कारण मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं.

तुम्ही मग घरोघर जाऊन सांगितलंत की खीर चांगली होती, दोष पाण्याचा होता. पण लोकांना पाण्यापेक्षा बोटाची गोष्ट जास्त आवडली. "बोट बांधलेला होता, आमी डोळ्यांनी बघितला." शेवंतीला जेवणाचं बोलावणं येईनासं झालं. ती काजूच्या कारखान्यात लागली. तुम्ही दर वर्षी समाराधनेच्या दिवशी तिच्या घरी जाऊन तिच्या हातची खीर खायचात, आणि दर वर्षी आदल्या दिवशी मला विचारायचात, "शेवंतीकडे येतलंस?" मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. कधी हसत म्हणायचे, कधी तोडून. एकदा मी म्हटलं, "दाजी, झालं गेलं उकरून काय मिळणार आहे?" तुम्ही म्हणालात, "तुका नाय मिळूचा. तिका मिळात." त्यावर मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. आपलं हे भांडण असंच राहिलं.

तर फॉर्म घेऊन तुमच्या घरी गेले, तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी. पडवीत थोरले भाऊ खुर्ची टाकून बसलेले. मी एकेक प्रश्न विचारला. अनवाणी शेतात जायचे का? होय. पायाला चिरा होत्या का? होय. किती दिवसांनी डॉक्टरकडे? भाऊंनी जरा थांबून पाच सांगितले. मग प्रश्न आला, प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या का.

"हे काय विचारणं झालं? लिहा होय. दर आठवड्याला घेत होता, सगळा गाव साक्षीला आहे."

मी पेन 'होय'वर नेलं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दाजी, तुमचा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी पेनच खाली ठेवलं. मी भाऊंना म्हटलं, मला जरा पाणी हवं, आणि वहिनींच्या मागून मागीलदारी गेले. पाणी नको म्हणायचं असतं हे विसरून.

धुण्याच्या दगडावर आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, "वहिनी, दाजी गोळी घेयत?"

"गावासमोर घेयत."

"गिळीत?"

त्या उठून आत गेल्या आणि तुमचे तीन शर्ट घेऊन आल्या. तिन्ही खिशांना पिवळे डाग. "लिंबू लावलंय, सोडो लावलंय, जाणा नाय," म्हणाल्या. "उपाशी पोटी घेतली की पित्त होय तेंका. म्हणान हातात लपवीत आणि खिशात घालून घराक हाडीत. जेवल्यार घेतंय म्हणीत. जेवले की झोपत. माझ्या हाताक धुताना लागत, इरघळलेली."

तुम्हाला फसवायचं नव्हतं हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही खरंच जेवल्यावर घेणार होतात. प्रत्येक आठवड्याला घेणार होतात. मी पण परत जाणारच होते त्या तीन बायकांकडे.

मी वहिनींना सांगितलं, मला हे लिहावं लागेल. गावात काय बोलणं चाललंय ते त्यांच्याही कानावर होतं. "दाजी गोळ्यो खायत आणि तरी मेले, मगे आमी कित्याक खावच्यो?" आपल्या हातची पाकिटं लोकांनी गोठ्यात फेकली होती. कापणी दोन आठवड्यांवर आलेली, सगळा गाव पुन्हा त्या पाण्यात उतरणार. 'होय' लिहिलं असतं तर तुमचं नाव राहिलं असतं आणि गोळीचं गेलं असतं. वहिनी बराच वेळ तुमच्या शर्टाची बटणं लावत बसल्या. मग एक शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. "लिव नाय म्हणान. आणि ह्यो घेवन जा, लोकांका दाखय."

आपले नवे डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "सिस्टर, एवढं लिहायलाच हवं का? आपलाच माणूस." मी म्हटलं, हवं. ते म्हणाले, "नाव राहिलंय वर." मी म्हटलं, भरते.

मग मी तुमचा शर्ट घेऊन वाडीवाडीत फिरले. तुम्हाला लाज आणली असं वाटून पहिल्या दोन घरांत मी शर्ट पिशवीतून काढलाच नाही. धामापूरच्या वाटेवर एका घरात चौघे भाऊ जेवत बसले होते. त्यांतला मोठा खिशाकडे बघत राहिला. "फसयल्यानी आमका," म्हणाला, आणि हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चौघांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. चौघांनी गिळल्या आणि लहान मुलांसारखी तोंडं उघडून मला दाखवली. मी रस्त्यावर येऊन रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. गोळ्या पुन्हा घेताहेत लोक, दाजी. जेवणानंतर घ्या असं मी आता बजावून सांगते.

पण तुमचा खिसा गावभर दाखवत फिरायचं आणि आपला झाकून ठेवायचा, हे मला फार दिवस जमलं नाही. गेल्या रविवारी मी शेवंतीकडे गेले.

ती अंगणात बसली होती. तिने मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. तिची बोटं काजूच्या तेलाने काळी पडली आहेत, टोकांची कातडी सोललेली. खिरीची बोटं ती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यादी माझी होती, खुणा मी केल्या, दाजींनी परत जायला सांगितलं होतं, मी गेले नाही.  शेवंती म्हणाली, "दाजी वर्साक एकदा येयत. वाटी पुसून खायत. कोणी लिवला ता कधी बोलूक नाय."

"मी लिवलंय," मी पुन्हा म्हटलं.

"ऐकलंय." तिने हात उलटे करून बघितले. "माझी जेवणां गेली, हात गेले. ता तू सांगलंस, बरा केलंस. पण पयला घर चुकलंस तू. त्या चेडवाच्या आवशीक सांगलंस?"

मी नाही म्हटलं.

"मगे हय कित्याक इलंस? थय जा."

तुमच्यासारखी हिंमत मला कधीच नव्हती. मी त्या पायवाटेवर दोनदा थांबले. घर तेच आहे, वाडीच्या शेवटी, फक्त आता नळ आला आहे आणि दाराशी मोरी बांधली आहे. त्या मुलीची आई ओटीवर बसून अळू चिरत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेवढं मी आधी बघितलं. तिच्यासमोर खाली बसले आणि तिला सांगितलं, पहिल्या दिवसापासून, तुम्ही शिकवलंत तसं, मधलं काही न गाळता. ती चिरत राहिली. सांगून झाल्यावर तिने विळी बाजूला केली आणि विचारलं, "त्याच सांजेक बाव बंद केली असती तर माझा चेडू जगला असता?"

मला तीन चौकोन दिसले. तिसऱ्यावर खूण करणं अगदी सोपं होतं. ते कोणाला खोटंही वाटलं नसतं, लहान पोरांचं काय सांगावं. मी म्हटलं, "व्हय."

तिने चिरलेलं अळू एका बाजूला सारलं. मग म्हणाली, "कळशी मीच भरलेलंय. तेका पाणी मीच पाजलंय. आठ वर्सां माका वाटत रवला, माझ्या हातान गेला."  मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी बसून राहिले. उन्हं उतरली तशी ती विळी ओढून घेऊन पुन्हा चिरायला लागली.

तिथून मी सरळ केंद्रात आले, तुमचा कागद काढला आणि पहिल्या ओळीत तुमचं पूर्ण नाव लिहिलं.